गंगाराममामा आणि कुप्फर मंडळी

गंगाराम तांबट यांनी मला फसवलं. तांब्याचा एक मोठा हंडा माझ्या मालकीचा होता. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मी तो द्यायचा शब्द दिला होता. गंगाराममामांनी त्याच्या बुडातून तळहाताएवढा गोल तुकडा कापून घेतला, तिथं नवं तांबं बसवलं, हंडा चकचकीत केला आणि मला परत दिला. मला पत्ता लागला नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की माणूस गेला म्हणून मी सगळं माफ करून बसलो. माफ केलेलं नाही.

ते गेल्याला आता सात आठवडे होतील. त्या दिवशी मी अकलूजच्या बाजूला एका जुन्या गुऱ्हाळाचा माल बघायला गेलो होतो. कढया, पाइप, दोन इंजिनं. सौदा रंगात आला होता. समोरचा माणूस चिवट होता, मीही काही कमी नाही. तासभर आम्ही एकमेकांच्या मालाला आणि अकलेला नावं ठेवत होतो. तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. सुनंदा मामांची एकुलती एक मुलगी, कुर्डुवाडीला शाळेत शिकवते. शाळेच्या वेळात ती कधी फोन करत नाही. "काका, नाना गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि…" पुढचं तिला बोलवेना. मी फोन खिशात घातला आणि समोरच्याला म्हटलं, तू म्हणशील तो भाव. उभ्या आयुष्यात मी हे वाक्य कधी उच्चारलेलं नाही. तो माणूस घाबरलाच. त्याला वाटलं यात काहीतरी डाव आहे, आणि त्यानं विकायलाच नकार दिला. माल तसाच सोडून मी सोलापूरचा रस्ता धरला. गाडीत रडू येत होतं आणि रागही येत होता. आमचं भांडण अजून मिटलं नव्हतं, आणि हा माणूस मध्येच उठून निघून गेला होता.

मी मूळचा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला. घरात कानडी, बाजारात मराठी. सोलापुरात आलो तेव्हा पंचविशी उलटली होती, लग्न झालेलं होतं, आणि जवळ एक सायकल होती. गल्लोगल्ली फिरून मोड गोळा करायचो. मोड म्हणजे फुटकी भांडी, तुटके नळ, जळक्या मोटारींच्या तारा. पहिलं पोतं भरलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, तांब्याची पारख करायची तर कसब्यात गंगाराम तांबटाकडं जा. अरुंद बोळातलं दुकान. ओंडक्यात रोवलेली ऐरण, भिंतीला टांगलेल्या हातोड्या, नवसागराचा नाकात जाणारा वास. मामांनी पोत्यातला एक तुकडा उचलला, नखानं टिचकी मारली आणि कानाशी धरला. दुसरा उचलला, तसंच.

"ह्यातलं निम्मं तांबं न्हाय," ते म्हणाले.

"तांबंच हाय की! डोळं हायत का तुमाला?"

"डोळं हायत म्हणूनच कानाला लावतोय. रंग काय, कशालाबी चढतो. आवाज चढवता येतो का?"

मी भांडलो. मी त्या वयात सगळ्यांशीच भांडायचो. मामांनी भांडण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई आवाज हाय तुझा. खोट न्हाय त्यात. बस हितं." मी बसलो, तो जवळजवळ तीस वर्षं दुपारचा तिथंच बसत आलो. तांबं कोणतं, पितळ कोणतं, जस्त किती मिसळलंय, कल्हई कुठं राखली आणि कुठं चोरली, सगळं त्यांनी मला शिकवलं. आज माझं जुन्या मशिनरीचं आवार आहे, दोन क्रेन आहेत, लोक मला मल्लूशेट म्हणतात. मामा मात्र कुणी गिऱ्हाईक समोर असलं की मुद्दाम ओरडायचे, "ये शेट, ते पोतं सरकव जरा."

त्यांचं खरं काम डाईंगवाल्यांचं. आमच्या सोलापुरात सूत रंगवायच्या कारखान्याला नुसतं डाईंग म्हणतात. एके काळी तिथं रंग उकळायला तांब्याचे हंडे असत, पुरुषभर रुंद. त्यांना पोचे पडले, ते गळले, आतली कल्हई उडाली की मामांकडं यायचे. पुढं स्टीलचा जमाना आला आणि हंडे मोडीत निघाले. असाच एक हंडा मामांच्या वडलांनी कधीतरी एका गिरणीकडून घेतला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तो त्या गिरणीत आला, तेव्हा खोक्यातून उतरवून भट्टीवर बसवायला वडलांनी स्वतः हात लावला होता, त्यामुळं त्यांचा त्याच्यावर जीव. तो मामांच्या न्हाणीत होता. तीन पिढ्यांनी त्यातल्या पाण्यानं अंघोळ केली. त्याच्या बुडाला बाहेरून एक गोल ठसा होता: मधे छोटी हातोडी आणि भोवती इंग्रजी अक्षरं. मामा चौथी शिकलेले. ती अक्षरं त्यांना वाचता येत नसत, पण चित्रासारखी पाठ होती. त्यांना वाटायचं ते गावाचं नाव असणार.

दोनेक वर्षांपूर्वी सुनंदानं मोबाइलवर शोध घेतला. अक्षरं होती 'कुप्फर'. जर्मन भाषेत कुप्फर म्हणजे तांबं, आणि ते आडनावही आहे. मामांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. मी दुकानात गेलो तर हातोडी बाजूला ठेवून बसलेले. "मल्लू, तिकडं बी तांबट हायत रं," ते म्हणाले. "आडनाव तांबट, धंदा तांब्याचा. म्हंजे भाऊबंदच की आपलं."

आता हा हिशेब फक्त आमच्याकडचा माणूसच करू जाणे. आडनाव एक, धंदा एक, म्हणजे भावकी. आणि भावकी म्हटलं की कार्याला बोलवायला हवं, नाही तर बोल लागतो. नेमकं त्याच वेळी सुनंदाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मामांनी हट्ट धरला. सुनंदानं बिचारीनं जगभरातल्या कुप्फरांचे पत्ते शोधून काढले, इंग्रजीत पत्रं लिहिली, आणि मामांनी प्रत्येक पाकिटात लग्नपत्रिका, कुंकू आणि चिमूटभर अक्षता घातल्या. पत्रातला मजकूर मामांनी सांगितलेला: आमचं आडनाव तांबट, तुमचंही तेच. तुमच्या हातच्या हंड्यातल्या पाण्यानं आम्ही तीन पिढ्या अंघोळ करतो. नातीचं लग्न आहे, सहकुटुंब यावं, राहायची सोय आहे. दोन पाकिटं तांदळामुळं परत आली. बाकीची पोचली. लग्नाला अर्थातच कुणी आलं नाही, पण चार उत्तरं आली, आणि त्या चार उत्तरांनी मामांचं म्हातारपण व्यापून टाकलं.

पहिलं उत्तर दक्षिण जर्मनीतल्या एका शेतकऱ्याचं. तो म्हणाला, आमच्या घरात कुणी तांब्याला हात लावलेला नाही. आमच्या भागात कुप्फर नावाचा ओढा आहे, त्यावरून आम्ही कुप्फर. दुसरं अमेरिकेतल्या एका दातांच्या डॉक्टरचं. तो ज्यू. त्याचे पूर्वज पोलंडकडून आले. त्यानं लिहिलं की ज्यू लोकांत पूर्वी कायमची आडनावं नसत, बापाचं नाव लावून काम भागायचं. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या सरकारांनी हुकूम काढले की प्रत्येकानं आडनाव घ्यावं. कुणी धंद्यावरून घेतलं, कुणी गावावरून, कुणाला कचेरीतल्या कारकुनानं सुचेल ते दिलं. म्हणून कुप्फर जर्मनीतही सापडतील, अमेरिकेतही, इस्राएलमध्येही, आणि त्यातल्या निम्म्यांचं एकमेकांशी काही नातं नसेल. तिसरं उत्तर जर्मनीतल्या एका कारखान्याचं. हे कुप्फर अजूनही तांब्याची भांडी करतात. त्यांनी छापील शुभेच्छा आणि कारखान्याच्या इतिहासाची रंगीत पुस्तिका पाठवली. चौथं पत्र हायफा नावाच्या गावातून, रूथ कुप्फर नावाच्या बाईंचं. वय नव्वदीला टेकलेलं. निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही.

मामांना एक कोडं सुटेना. "एक किरिस्ताव, एक ज्यू, आन् आडनाव एकच. असं कसं रं?"

मी म्हटलं, "मामा, माझं आडनाव काय?"

"बिराजदार."

"आमच्या गावात लिंगायत बिराजदार हायत, मराठा बिराजदार हायत, मुसलमान बिराजदार हायत. त्यातलं माझं कोण? आडनावाला कुंपण नसतं, मामा."

ते त्यांना पटलं. सोलापुरात राहून न पटायला काय झालं? पण मग त्यांनी विचारलं, "व्हय, पर त्या गावात बिराजदारा-बिराजदारांत भांडण झालं तर मिटवतं कोण?" हे त्यांनी उगाच विचारलं नव्हतं. सुनंदानं नुकतंच त्यांना रूथबाईंचं पत्र वाचून दाखवलं होतं.

रूथबाईंचे पूर्वज तांबट नव्हते. ते खेड्यापाड्यांतून फुटकी तांब्याची भांडी गोळा करायचे. हे ऐकून मामा मांडीवर थाप मारून हसले होते: "मोडवाला निघाला! तुझा भाऊबंद, मल्लू, माझा न्हाय." पुढं त्या घरातल्या याकोब नावाच्या माणसानं, म्हणजे रूथबाईंच्या आजोबांनी, जर्मनीत एका गावी कारखाना काढला. रंगाऱ्यांसाठी हंडे करायचा. त्यांचा मुकादमही कुप्फर होता, पण ख्रिस्ती. नातं काही नाही. मालक कुप्फर, मुकादम कुप्फर, म्हणून गावात थट्टा चालायची. मग नाझींचं राज्य आलं. ज्यूंनी कारखाने बाळगायचे नाहीत असं झालं. याकोबकडून एका कागदावर सही करून घेतली आणि कारखाना मुकादमाच्या नावावर गेला. दुसऱ्या कुणी घेतला असता तर निदान पाटी बदलावी लागली असती. इथं तीही बदलावी लागली नाही. याकोब आणि त्यांची बायको नाझींच्या छळछावणीतून परत आले नाहीत. रूथबाईंचे वडील त्याआधीच कडेवरच्या रूथला घेऊन देश सोडून गेले होते, म्हणून त्या वाचल्या. मामांना छापील शुभेच्छा पाठवणारा कारखाना तो हाच.

हे ऐकून मामांनी जे केलं ते चूकच होतं, आणि ते पुढं त्यांनीही कबूल केलं. त्यांनी दोघांनाही पत्रं पाठवली. भाऊबंदकी वाईट, ती दोन्ही घरं खाते. दोघंही सोलापूरला या, माझ्या दुकानात समोरासमोर बसा, मी मधे बसतो. सुनंदा नको नको म्हणत होती. मामा म्हणाले, "मी आजवर चार घरं जोडलीत. तू लिही."

रूथबाईंचं उत्तर महिन्यानं आलं. त्यात राग नव्हता. त्यांनी लिहिलं होतं: 'तुम्ही पाठवलेले तांदळाचे दाणे मी माझ्या टेबलावर एका बशीत ठेवले आहेत. मला लग्नाला बोलावणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. पण हे भावांचं भांडण नाही. ते आमचे भाऊ नव्हते. आम्ही त्यांचे शत्रूही नव्हतो. आमचं फक्त सगळं घेतलं गेलं.' सुनंदानं हे मराठीत वाचलं आणि थांबली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर भट्टी थंड होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी म्हणाले, "मी चुकलो. तसं लिही तिला. आन् विचार, तिला काय पायजे त्यांच्याकडनं?"

रूथबाईंना फार काही नको होतं. त्या कारखान्याच्या पुस्तिकेत लिहिलंय की युद्धानंतर आताच्या मालकांच्या आजोबांनी, म्हणजे त्या मुकादमानं, एका रिकाम्या शेडमध्ये शून्यातून सुरुवात केली आणि आपला पहिला ठसा स्वतःच्या हातानं कोरला. रूथबाईंचं म्हणणं एवढंच, की तिथं एक ओळ घाला: हा कारखाना आधी याकोब कुप्फर यांचा होता. आयुष्यात तीनदा त्यांनी त्या लोकांना तसं लिहिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं की नाव आमचं जन्मानं आहे, तुमच्याकडं काही पुरावा असेल तर दाखवा. पुरावा कुठला असणार… कागद जळले, माणसं गेली.

आता माझ्या हंड्याकडं येतो. गेल्या वर्षी शहरातलं एक जुनं डाईंग बंद झालं आणि त्याचा सगळा माल मी उचलला. त्यात एक हंडा होता, बुडाला तोच गोल ठसा. मालक म्हणाला, त्याच्या आजोबांनी तो स्वातंत्र्यानंतर मागवलेला. पुण्याच्या माझ्या गिऱ्हाइकाला हॉटेलं सजवायला अशा वस्तू लागतात. त्याला हंड्यापेक्षा ठशाचं आकर्षण. मी हंडा पोचे काढायला मामांकडं टाकला. आठवड्यानं उचलला, पुण्याला पाठवला. दोन दिवसांनी त्या माणसाचा फोन: "शेट, ठसा कुठाय?" तीस वर्षं मी लोकांचा माल उलटासुलटा करून बघतोय, आणि मामांच्या दुकानातून आलेला हंडा मी उलटा करून बघितला नव्हता. मी तसाच कसब्यात गेलो.

"मामा, नाव कुटं हाय?"

"कशाचं नाव?"

"माझ्या हंड्यावरचं!"

"ते तुझं नाव हुतं व्हय? मला वाटलं तुझं आडनाव बिराजदार हाय."

"मी त्या मानसाला शब्द दिलाय! मला विचारायचं तरी हुतं. मी दिला नसता का?"

"दिला असतास," मामा म्हणाले. "पर आदी तीन दिस घासाघीस केली असतीस. तेवढा येळ न्हाय माझ्याजवळ."

मी त्यांना नको नको ते बोललो. बोळातले लोक बाहेर आले. सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की त्यांचं म्हणणं खरं होतं. मी घासाघीस केलीच असती. पण खरं असलं म्हणून काय झालं? मला बाजारात खोटं पाडलं ते पाडलंच. चार महिने मी त्या बोळात पाऊल टाकलं नाही. त्या चार महिन्यांत माझा दुपारचा चहा कुणाबरोबर होत होता ते विचारू नका. मी माझ्या आवारात एकटा बसून चहा घ्यायचो आणि तो बेचव लागायचा, म्हणून मी चहावाल्याशी भांडायचो.

शेवटी निरोप मामांनीच पाठवला: फसवलेला माणूस अजून जिवंत असेल तर येऊन जावा. गेलो. त्यांनी ऐरणीवर फडकं पसरलं आणि त्यावर तांब्याचे दोन गोल तुकडे शेजारी शेजारी ठेवले. एक माझ्या हंड्यातला. दुसरा मी उचलून उजेडात धरला. तो त्यांच्या न्हाणीतल्या हंड्याचा होता. वडलांचा हंडा त्यांनी स्वतःच्या हातानं कापला होता, आणि माझ्या हंड्याच्या आधी कापला होता.

"कान न्हाय, आता डोळं लाव," ते म्हणाले.

मी बघितलं. न्हाणीतल्या हंड्याच्या तुकड्यावर हातोडीचे ठोके बारीक, तांदळाच्या दाण्यासारखे, मधून बाहेर गेलेले. माझ्या हंड्याच्या तुकड्यावर मोठे, उथळ, कडेकडून आत आलेले. मोड बघणाऱ्यालाही कळावं, ही दोन माणसांची कामं. मग त्यांनी माझं बोट धरून ठशावर फिरवलं. पहिल्या अक्षराचा खालचा पाय टोकाला तुटलेला. मधल्या हातोडीच्या दांड्यावर एक तिरकी चीर. बोट दुसऱ्या तुकड्यावर नेलं. तोच तुटका पाय. तीच तिरकी चीर, त्याच जागी.

"हात दोन," मामा म्हणाले. "ठसा एक."

तांबटांत ठशाची एक रीत आहे, ती मला तेव्हा त्यांनी सांगितली. प्रत्येक घराचा आपला ठसा. खंडेनवमीला हातोड्यांच्या आधी त्याला कुंकू लागतं. तो विकत नाहीत, उसना देत नाहीत. घरात धंदा करणारं कुणी उरलं नाही तर ठशाचं तोंड कानशीनं घासून सपाट करतात, म्हणजे दुसऱ्या कुणी आपलं नाव मारू नये. "आडनाव त्या मुकादमाचं बी कुप्फर आसंल," ते म्हणाले. "दिलं त्याच्या बापानं, कबूल. पर हा ठसा त्यानं कोरला न्हाय. युद्धाच्या आदीपासून हाय हा. माझ्या वडलांच्या हंड्यावर हाय. शेडमध्ये कोरला म्हनतोय, तो खोटं बोलतोय."

मग मला कळलं त्यांनी मला का बोलावलंय. माफी मागायला नाही. माफी त्यांनी शेवटपर्यंत मागितली नाही. "तू सौद्यात मानसाला बांधतोस," ते म्हणाले. "पळायला वाट ठेवत न्हाईस. तसं एक पत्र सांग सुनंदाला." पुढचे तीन रविवार आम्ही तिघं त्या दुकानात बसलो. मी मराठीत सांगायचो, अर्धं शिव्यांत. सुनंदा शिव्या गाळून इंग्रजीत लिहायची. मामा मधेच म्हणायचे, "एवढं कडक नगं," आणि मी म्हणायचो, "मग मला कशाला बोलावलं?" न्हाणीतल्या हंड्याचा तुकडा मामांनी रूथबाईंना पाठवून दिला. "ज्याचा त्याला," एवढंच म्हणाले. दोन्ही ठशांचे फोटो आणि कागदावर घासून काढलेली नक्कल कारखान्याला गेली.

उत्तर आलं, चांगल्या जाड कागदावर. कुप्फर हे आडनाव ख्रिस्ती आणि ज्यू दोन्ही समाजांत आढळतं, केवळ नाव सारखं असल्यामुळं संबंध जोडणं योग्य होणार नाही. सोलापूरच्या कारागिरीबद्दल आदर आहे. सोबत एक कॅलेंडर. ठशाबद्दल एक शब्द नाही. मामांनी ते कॅलेंडर पालथं करून त्यावर चहाचे कप ठेवायला सुरुवात केली. मी दुसरं पत्र सांगितलं. त्यात मी आडनावाचा विषयच काढला नाही. फक्त ठसा. त्याला उत्तर आलं नाही. मामा रोज पोस्टमनला विचारायचे. पोस्टमन बोळाच्या तोंडाशीच मान हलवायला शिकला होता.

आमची शेवटची भेट ते जायच्या आदल्या दिवशीची. काही विशेष झालं नाही. मी म्हटलं, माझा तुकडा मला कधी मिळणार? ते म्हणाले, रूथबाईंचं काम झालं की घेऊन जा. मी म्हटलं, आणि झालंच नाही तर? ते म्हणाले, "मग काय, भांडत बस. तुला तेवढंच येतं." आणि टिचकी मारून एका घागरीचा आवाज ऐकायला लागले…

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या चुलतभावांनी विषय काढला. मुलगा नाही, जावई सरकारी नोकरीत, सुनंदाचं आडनाव लग्नानंतर बदललेलं. रीतीप्रमाणं मामांच्या ठशाचं तोंड घासून टाकायला हवं. ते चुकीचं म्हणत नव्हते. सुनंदानं ठसा हातात घेतला, कानस घेतली, आणि माझ्याकडं बघितलं. मी चुलतभावांना म्हटलं, थांबा. या माणसानं एक काम अर्धवट ठेवलंय. ते पुरं होईपर्यंत त्यांचं नाव घासायचं नाही. ते म्हणाले, तुम्ही कोण सांगणार, तुम्ही तांबट का? त्यावर मी जे बोललो ते या पेपरच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. पण ठसा तसाच राहिला. आता तो ऐरणीच्या ओंडक्यावर असतो, शेजारी माझ्या हंड्याचा तुकडा. सुनंदा रविवारी कुर्डुवाडीहून येते, दुकान उघडते, दोन्ही पुसून ठेवते. मीही जातो. तिनं मला तो तुकडा देऊ केला. "काका, हा तुमचा," म्हणाली. मी घेतला नाही. अजून सौदा मिटलेला नाही.

गेल्या आठवड्यात रूथबाईंचं पत्र आलं. मामा गेल्याचं त्यांना सुनंदानं कळवलं होतं. त्यांनी लिहिलंय की तांब्याचा तुकडा त्यांनी अक्षतांच्या बशीशेजारी ठेवलाय, आणि डॉक्टर त्यांना आता फार पायऱ्या चढू देत नाहीत. शेवटी एकच प्रश्न: कारखान्याच्या लोकांनी काही कळवलं का? आम्ही दोघं तो कागद हातात धरून बसलो. सुनंदा म्हणाली, काय लिहू? मी म्हटलं, तिला नंतर लिही. आधी त्यांना.

तिसरं पत्र आम्ही त्याच दुपारी लिहिलं. या खेपेला शिव्या मीच गाळल्या. ते पत्र आता जर्मनीत पोचलं असेल. त्याचा शेवट इथंही देतो, म्हणजे सोलापुरातल्या चार लोकांना ठाऊक राहील की विचारलं होतं: 'आम्ही तुमचा कारखाना मागत नाही, तुमचं आडनाव मागत नाही. ते तुमच्या वडिलांनी तुम्हाला दिलं, तुमचंच आहे. पण याकोब कुप्फर यांचा ठसा तुमच्या आजोबांना कुणी दिला? विचारणारा एक माणूस वारला. दुसरी नव्वदीची आहे. ती जिवंत आहे तोवर, तिच्या पत्त्यावर, सहीनिशी उत्तर द्या.'